बाळू, ते ढेकूळ कुठं गेलं?

वाघीण माझ्यापासून चार हातांवर होती आणि तिचं पिल्लू माझ्या पदरात होतं.

एक पिल्लू सरीत ठेवून झालं होतं. दुसऱ्याच्या नख्या माझ्या पोलक्यात अडकल्या होत्या, त्या मी खाली मान घालून सोडवत होते. मान वर केली तर ती समोर. उसाचं पान हललं नव्हतं, चिमणी उडाली नव्हती. आधी नव्हती आणि मग होती. कान मागे पडलेले, तोंड उघडं, आणि छातीतून ओल्या लाकडात करवत अडकल्यासारखा आवाज.

मागे बांधावर तू होतास, बाळू. दहा-बारा पावलांवर. खांद्याला टेप, कानांवर ते ऐकायचे काळे गोळे, हातात काठीला बांधलेला शेळीच्या शेपटासारखा केसाळ माईक. मला मागे बघता येत नव्हतं. पण बांधावर एक ढेकूळ फुटलं ते मला ऐकू आलं.

मग मी आवाज काढला. “हूं… हूंऽऽ… हां गं बाय.” आपल्या आईचा. गाय व्याली की वासराला हात लावायच्या आधी आई गोठ्यात काढायची तो. पहिला हूं छोटा, दुसरा लांब, आणि शेवटाला आवाज खाली सोडून द्यायचा. तू तेव्हा गोठ्याच्या दारात उभा असायचास, नागडा, तोंडात बोट.

वाघीण पुढे आली. पंजा आपटला, माती माझ्या पायावर उडाली. मी आवाज चालू ठेवला. नख्या सोडवल्या, पिल्लू खाली ठेवलं, पाठ न दाखवता मागे सरत राहिले. तोडलेल्या उसाचे बुडखे टाचेत घुसत होते. तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. मग पिल्लू मानेला धरलं आणि उभ्या उसात गेली. तेव्हाही पान हललं नाही.

तुझा टेप चालू होता.

तुझ्या दहाव्याला नदीवर चार जण बोलले. एक तुला थोर कलावंत म्हणाला. एकानं दुसऱ्याच कुणाची माहिती सांगितली, असं मला वाटलं. तू बारा वर्षं तमाशाच्या फडात पेटी वाजवलीस, हे कुणी बोललं नाही, जणू ते लपवायचं असतं. सिनेमा करणाऱ्या तुझ्या पुण्याच्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आक्का, तुम्हीच लिहा.” मी चौथी शिकलेली. पण त्या वाघिणीवरून तुझंमाझं भांडण अर्धं राहिलंय. ते मला पुरं करायचंय.

चूक माझी होती, हे आधी लिहिते. आमच्या राजुरीच्या मळ्यात ऊसतोड चालली होती. तोडणारणीनं पाचटाखाली दोन पिल्लं बघितली आणि कोयता टाकून ओरडली. मी गेले. निळसर डोळे, आंधळ्यागत चाचपडत म्यँव म्यँव करणारी, अंगावर धुरकट ठिपके. मी म्हटलं, रानमांजराची आहेत. डोंगराकडच्या माहेरात लहानपण गेलं माझं, मला काय रानमांजर ठाऊक नाही! पदरात घेतली, घरी आणली, कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवली आणि शेळीच्या दुधात वात भिजवून चोखायला दिली.

तू आदल्या दिवशीच आला होतास. बाई आणि त्यांचा कॅमेरावाला आणे गावाकडच्या पठारावर गेले होते. तू उसाचा आवाज भरून घ्यायचा म्हणून मागे राहिला होतास. डालगं उचललंस आणि खाली बसलास.

“आक्के, हे मांजर न्हाय.”

“मग काय, ससा हाय?”

“पंजं बघ. भाकरीएवढं व्हनार हायेत.”

मी बघितले. आणि माझ्या हातातली दुधाची वाटी कलंडली. पुण्याच्या बाई बिबट्या म्हणायच्या, आपण वाघच म्हणतो. ती वर्षं आठव. रोज वाघाच्या बातमीत कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव यायचं. माणसं दिवसाढवळ्यासुद्धा उसात शिरताना हाळी देत शिरायची. आणि मी वाघिणीची लेकरं पदरात घालून घरी आणली होती, वाटेत दोनदा बसून पाणीही प्याले होते.

तासाभरात गाव गोळा झालं. आमच्या शेजारचा बबन पुढे होता. त्याचं वासरू महिन्यापूर्वी वाघानं गोठ्यातून नेलं होतं.

“आक्का, पिल्लं डालग्याखालीच ऱ्हाऊ द्या. आई हुडकत येतीच. पिंजरा लावू, न्हाईतर कायमची निकाली काढू.”

“आन् ती पिंजऱ्यात न जाता माझ्या दारात आली तर? दारात कोन बसनार?”

“मी बसतो की दांडकं घिऊन.”

“वासरू नेलं तवा कुठं व्हतं दांडकं?”

माणसं हसली. बबन हसला नाही. मला ते बोलायला नको होतं, वासराला त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पण तोंडातून गेलं.

वनखात्याला तू फोन केलास. त्यांनी सांगितलं, पिल्लं जिथं सापडली तिथंच दिवस मावळायच्या आत ठेवा, माणसांचा वास फार लागू देऊ नका, आई घेऊन जाईल. आम्ही सकाळी येतो. म्हणून तोडीतल्या राहिलेल्या सहा सऱ्यांपाशी मी पिल्लं घेऊन गेले. मीच आणली होती, मीच ठेवणार. तू म्हणालास, मी बांधावर थांबतो. पुढचं वर लिहिलंय. सकाळी वनखात्याची माणसं आली तेव्हा दुसरं पिल्लूही तिनं नेलेलं होतं.

घरी आल्यावर तू चहा केलास, साखर डब्बल घातलीस. मग टेप मागे घेऊन लावलास. करवत. ढेकूळ. मग माझं हूं. तू ते तीनदा लावलंस. डोळे मिटून ऐकत होतास. म्हणालास, “आक्के, तू वाघिनीला थांबवलंस.”

“मी कशाला थांबवती? ती थांबली.”

“तुझ्या आवाजानं थांबली.”

“प्वॉट भरलेलं आसंल तिचं.”

इथं आपलं भांडण सुरू झालं आणि ते आठ वर्षं चाललं.

बाईंना पुढच्या तीन आठवड्यांत ती वाघीण सापडली. कालव्याच्या वाटेवरून, सकाळच्या उन्हात, एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या मळ्यात नेताना. सगळं कॅमेऱ्यात आलं. तू ती कॅसेट माझ्याकडे घेऊन आलास, आवाज न भरलेली, आणि टीव्हीला लावलीस. मी भाजी निवडत बघत होते. वाघीण आली, पिल्लू उचललं, गेली. परत आली, दुसरं उचललं, गेली.

“कसं वाटलं?”

“मांजरीन पिल्लं हलवती.”

“आगं, हीच ती! तुझ्याम्होरं उभी व्हती ती!”

खरं तेच होतं. ठिपके तेच, डाव्या कानाचा तुटका कोपरा तोच. मी तिला चार हातांवरून बघितलं होतं आणि मला टीव्हीत ती ओळखू येत नव्हती. चित्रात कान होते, शेपूट होती, पिल्लू होतं, ती नव्हती. मला त्याचं नवल वाटलं. इतका महागाचा कॅमेरा, आणि वाघ नेमका बाहेर राहिला होता.

तू म्हणालास, “तेच माझं काम हाय. तिला आत आनायचं.”

पहिल्या खेपेला तू त्या चित्रावर हलगी भरून आणलीस. फडातला माणूस तू. वाघीण वाटेवर आली की हलगी कडकडायची, पिल्लू उचललं की वर झांजा. मी भाकरी थापत होते, पीठ हाताला तसंच ठेवून आले आणि टीव्ही बंद केला.

“ही वाघीन हाय का वगातला राजा? नाचत येती का ती?”

“लोकान्ला भ्या वाटाय पायजे ना.”

“भ्या वाजत न्हाई, बाळू. वाघ येतो तवा बाजा न्हाई वाजत. असलेलं सुदिक बंद व्हतं. रातकिडा, व्हला पाखरू, हिरीवरच्या मोटारीची धडधड, समदं. तुझं तुला ऐकू येतं, तेवढंच.”

“मोटार कशी बंद व्हईल? मोटार चालूच व्हती त्या दिवशी. टेपमंदी हाय.”

“मला न्हाई ऐकू आली.”

तू खिशातून विडीचं पाकीट काढून त्याच्यावर काहीतरी लिहिलंस. तुला राग आलाय असं मला वाटलं. तू चहा न पिता गेलास.

पंधरा दिवसांनी आलास तो पेटी घेऊन. मोटारीच्या खोलीत चादर डोक्यावरून घेऊन बसायचास. पाचटाचा भारा मागितलास आणि एकेक पान माईकपाशी चोळत बसलास. म्हाताऱ्या बाया बघून जायच्या. एकजण मला म्हणाली, “भावाला देवऋष्याकडं न्या.” मी म्हटलं, “देवऋषी पेटी वाजवाय लागंल, ऱ्हाऊ द्या.” एकदा मी पाणी द्यायला आले तर तू पेटीचा भाता हलवत होतास आणि एकही पट्टी दाबली नव्हतीस. नुसता वारा. आत येतोय, बाहेर जातोय.

“मोडली का?”

“न्हाय. ऐक.”

मी ऐकलं. तांब्या हातात तसाच राहिला. सूर कुठंच नव्हता, नुसता श्वास होता, मोठ्या छातीचा, दमेकऱ्याचा नव्हे, ताकद असलेल्याचा. त्या सरीत करवतीच्या आवाजाखाली हा श्वास होता. मी तो ऐकला होता आणि ऐकला होता हे विसरले होते. माझ्या मानेवर काटा आला. तू माझ्या मानेकडे बघितलंस आणि हसलास. मी म्हटलं, पाणी पी, आणि निघून आले.

शाळेत दाखवला सिनेमा, दुपारी. खिडक्यांना पोती लावली होती. बाई आल्या होत्या, तू मागे यंत्रापाशी. बबन पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, त्याची बायको बायकांत माझ्या पुढे. त्याच आठवड्यात बबनच्या बांधावर पिंजरा येऊन पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यात शेळी बांधायची ठरली होती. त्या वाघिणीचं काय होणार ते मला कळत होतं, आणि माझ्यामुळं तिची जागा गावाला कळली होती. त्याचं ओझं मी कुणाला बोलले नव्हते.

सिनेमात आधी आपला मुलूख आला. ऊस, कालवा, मोटारी, द्राक्षांचे मांडव, माणसांची बोलणी. त्या सगळ्याखाली तुझी पेटी, बारीक, ओळखीची, घरात कुणीतरी काम करताना गुणगुणावं तशी. मग कालव्याची वाट आली. पेटी थांबली. रातकिडे थांबले. मोटारीची धडधड हळूहळू कमी होत बंद झाली. शाळेत ऐंशी-नव्वद माणसं होती, खोकला आला नाही. पाचट चोळलं गेलं, एकदाच. आणि भात्याचा श्वास.

ती वाटेवर आली.

बाळू, मी तिला दुसऱ्यांदा बघितलं. टीव्हीत मांजर होती ती, चित्र तेच, एक ठिपका इकडचा तिकडे झाला नव्हता. पण आता तिचं वजन दिसत होतं. पाऊल टाकताना खांद्याचं हाड कातडीखाली वर यायचं, ते भात्याच्या तालावर वर यायचं. ती थांबायची तेव्हा भाता थांबायचा, आणि सगळ्या शाळेचा श्वास अडायचा. हे तू कसं केलंस मला ठाऊक नाही. लाकूड-पितळ आणि कातड्याची पेटी ती. भजनात वाजते, फडात वाजते. तिच्यातून तू जिवंत वाघीण बाहेर काढलीस.

तिनं पिल्लू मानेला धरलं, आणि तेव्हा पहिला सूर आला. छोटा. मग दुसरा, लांब. मग खाली सोडून दिलेला. हूं, हूंऽऽ, हां गं बाय. पेटीवर. मला वाटलं कुणीतरी माझ्या गोठ्याचं दार उघडलं. आईला जाऊन किती वर्षं झाली आणि ती एवढ्या माणसांत बोलत होती. आणि सूर संपता संपता त्याच्याखाली माझा खरा आवाज, टेपवरचा, चिरका, आणि माझ्या बांगडीची किणकिण.

पिल्लाची मान सुटायला आली, वाघीण थांबली, पुन्हा धरू लागली. बबनची बायको उठून उभी राहिली.

“आगं बया, ल्याकरू पडंल!”

कुणी हसलं नाही. बबन पडद्याकडे बघत पुटपुटला, “हळू गं, हळू.” वासरू गेलेला बबन. त्याचं त्यालाही ऐकू गेलं नसेल.

पिंजरा त्याच्या बांधावर पुढं दोन महिने होता. त्यात शेळी कुणी बांधली नाही. वनखात्याच्या माणसानं विचारलं तर बबन म्हणाला, “शेळीला ताप आलाय.” दोन महिने ताप! मी विचारलं तर म्हणाला, “आक्का, वाघ त्यो वाघच. पर आता बगितलं ना तिला.” पुढं त्यानं गोठ्याला जाळी मारली.

शाळेतून बाहेर आल्यावर तू माझ्यापाशी आलास. तुझी विडी पेटत नव्हती. “सांग की आक्के, कसं झालं?”

मी म्हटलं, “आवाज मोठा व्हता.”

आठ वर्षं तू दर दिवाळीला आलास आणि दर दिवाळीला विचारलंस. मी तेच सांगितलं. तू सगळ्यांना गोष्ट सांगायचास, माझ्या बहिणीनं आईचा आवाज काढून वाघिणीला थांबवलं. मी मध्येच म्हणायचे, प्वॉट भरलेलं व्हतं. लोक हसायचे. तू म्हणायचास, आवाजात ताकद असते हे तुला मान्यच करायचं नाही. मी म्हणायचे, आईचा आवाज चोरलास. तू म्हणायचास, “चोरला न्हाई, आई समद्या गावाला दिली.” यावर मी भांडी आदळायचे.

शेवटाला दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी होती. नर्स यंत्रातला श्वास कमी-जास्त करत होती. तू मला खुणेनं जवळ बोलावलंस. म्हणालास, “आक्के, भाता.” आणि हसलास. मग विचारलंस, “आता तरी सांग.”

मी म्हटलं, आवाज मोठा व्हता. दुसरं काही बोलले असते तर रडले असते, आणि तू घाबरला असतास.

आवाज मोठा नव्हता, बाळू. जेवढा हवा तेवढाच होता. मी ती वाघीण दोनदा बघितली. पहिल्यांदा भीतीनं बघितली, म्हणून दिसली नाही. दुसऱ्यांदा तू दाखवलीस.

आता ढेकळाचं.

सिनेमात माझा आवाज आहे, तिची करवत आहे, माझी बांगडीसुद्धा आहे. ढेकूळ नाही. टेपवर होतं. चहा पिताना तीनदा ऐकलं आपण, आणि तिन्ही वेळा तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बांधावरचं ढेकूळ माणसानं टाच वळवली की फुटतं. तू पळायला निघाला होतास. त्याचा मला राग नाही. मीही पळाले असते, पोलकं अडकलं होतं म्हणून राहिले. पण वाघासमोर माणूस पळालं की वाघ त्याच्यावर जातो, आणि मध्ये मी होते.

म्हणून मी आईचा आवाज काढला. वाघिणीसाठी काढला नाही. आई गोठ्यात तो काढायची तेव्हा गाय लाथ झाडायची ती झाडायचीच, गाईवर त्याचा उपयोग झालेला मी कधी बघितला नाही. थांबायचास तू. दारात, तोंडात बोट, दगडासारखा. आईनं तुला सांगून ठेवलं होतं, हा आवाज आला की हलायचं नाही. तुझ्या मागं दुसरं ढेकूळ फुटतंय का, एवढंच मी ऐकत होते. फुटलं नाही.

हे मी तुला सांगितलं नाही. तू एवढा सिनेमा त्याच्यावर उभा केला होतास, सगळं गाव त्यानं गप्प बसलं होतं, आणि तू म्हणायचास आई वाघिणीशी बोलली. आई तुझ्याशी बोलत होती, हे कसं सांगणार?

पण मग तू ढेकूळ का कापलंस? तुला ठाऊक नसतं तर ते तुला कशाला खुपलं असतं? आणि ठाऊक होतं, तर आठ वर्षं तू नक्की काय विचारत होतास? हे मी नळी लावलेली असताना विचारायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं.

त्या संध्याकाळी त्या सहा सऱ्यांपाशी पाच जीव होते. वाघीण, तिची दोन पिल्लं, तू आणि मी. पाचही जिवंत सुटलो.